शामराव वळत नाहीत

कोल्हापुरातल्या मोटरसायकली सरळ जायला लागल्या, त्या आठवड्यातली ही गोष्ट.

सरळ त्या आधीही जात होत्या म्हणा, पण वळतही होत्या. आता वळेनात. माणूस निघायचा भाजी आणायला आणि पोचायचा पार गावाबाहेर, शिये फाट्यावर. तिथं उतरायचा, गाडी ढकलत फिरवायचा आणि परत सरळ यायचा. एक नवरदेव हौसेनं गाडीवरून मंगल कार्यालयाकडं निघाला आणि कार्यालयासमोरून, सनईच्या तोंडावरून, सरळ पुढं गेला. मुलीकडच्यांनी त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला. त्याला परत आणेपर्यंत मुलीच्या मामाचं दुसरं स्थळ सुचवून झालं होतं.

हे सगळं शामरावांमुळं झालं.

शामराव म्हणजे कुणी माणूस नव्हे. सरकारी नाव 'सुकाणू-शामक'. दुचाकीच्या हँडलला आडवी बसवायची, वीतभर लांबीची नळी. दोन हजार एक्केचाळीस साली ती प्रत्येक दुचाकीला सक्तीची झाली आणि सुकाणू म्हणजे काय हे कोल्हापुरात समुद्र नसल्यामुळं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून राहिलं फक्त शामक, आणि तिसऱ्या दिवशी त्याचे शामराव झाले.

ही नळी तशी जुनीच. मोटरसायकल वेगात असताना पुढचं चाक खड्ड्यावर आपटलं की हँडल डावी-उजवीकडं थरथरायला लागतं, सेकंदाला सात-आठ हिसके. याला आमच्याकडं 'गाडीनं मान हलवणं' म्हणतात. बहुतेक वेळा ती आपोआप थांबते. कधी मात्र प्रत्येक हिसका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि मग गाडीची मान थांबते, पण मालकाची मोडते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना पूर्वीपासून हा दट्ट्या लावत. नळीत तेल, तेलात बारीक भोक असलेला दांडा. हळू फिरवलं तर तेल सुखानं भोकातून जातं, झटका दिला तर अडतं. बँकेचं दार आपटू नये म्हणून वर जी दांडी असते ना, तिचीच ही चुलत बहीण.

'स्थिरभाव' नावाच्या कंपनीनं यात दोन सुधारणा केल्या. तेलात पिठापेक्षा बारीक लोखंडाची पूड घातली. विजेचा प्रवाह सोडला की पूड एका रांगेत उभी राहते आणि दुधासारखं तेल डोळ्याचं पातं लवायच्या आत खरवसासारखं घट्ट होतं. प्रवाह बंद, की परत दूध. दुसरी सुधारणा जास्त हुशारीची होती. माणूस घाबरला की हँडल आवळून धरतो आणि आवळलेले हात गाडीची थरथर वाढवतात, हे जुन्या चालवणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून कंपनीनं मुठींत दाब मोजणारे काटे बसवले. हात निवांत असतील तर शामराव पातळ. हात ताठले की शामराव घट्ट. मनातली भीती हातात उतरते आणि हातातली हँडलमध्ये, तिथं शामराव तिला अडवणार.

फक्त निवांत हात कसे असतात, हे त्यांना आधी शिकवायला लागायचं. त्यासाठी पत्रकात एकच ओळ होती: 'पहिल्या दिवशी वाहन नेहमीसारखे, प्रसन्न चित्ताने चालवावे.'

पुण्यात लोकांनी ती ओळ वाचली आणि तसं चालवलं. कोल्हापुरात गाडीला नवीन काही बसवलं की आधी लिंबू-मिरची, मग अंबाबाईचं दर्शन आणि मग सगळ्या पेठांतून एक फेरी. फेरी म्हणजे काय, तर दिसेल त्याला हात करणं. डावा हात वर, उजव्या हातात मूठ सैल आणि तोंडानं "काय भावा". विजेच्या गाड्या आल्यापासून क्लच गेला होता, त्यामुळं डावा हात तसाही बेकारच होता. साऱ्या शहरानं एकाच आठवड्यात नळ्या बसवल्या, साऱ्या शहरानं हात केले, आणि कंपनीच्या यंत्रानं ते सगळं शिक्षण एकत्र करून कोल्हापूरसाठी एक नमुना पक्का केला: प्रसन्न माणसाचा एक हात हवेत असतो. दोन्ही हात हँडलवर असणारा माणूस जिवाच्या भीतीनं अर्धमेला झालेला आहे. त्याला वळू देऊ नये.

लोकांना युक्ती कळायला दोन दिवस लागले. वळणावर हात केला की गाडी लोण्यासारखी वळते. पण त्यातही मेख होती. ओळखीच्या माणसाला मनापासून हात करताना आपला खांदा उतरतो, श्वास सुटतो आणि उजवी मूठ आपोआप ढिली पडते. शामरावांनी ती ढिली मूठ पाठ केली होती. नुसता हात वर करून भागत नव्हतं. एक नगरसेवक दोन्ही बाजूंना हात करत, हसत, चौकातल्या कारंज्यात गेले. बाहेर काढल्यावरही हात वरच होता.

या भानगडीत एक गोष्ट अशी झाली की जुनी माणसं खूश झाली. कानात गाण्याची बोंडं घालून, नाकासमोर बघत जायची सवय शहराला लागली होती. आता पोरंसोरं वळणावळणावर थांबलेल्या म्हाताऱ्यांना हात करायला लागली. म्हातारेही खुर्च्या घेऊन वळणांवर बसायला लागले. कुणी हात केला की, हा कुणाचा रे, म्हणून चौकशी व्हायची. आधी असंच होतं. शिवाजी उद्यमनगरातून बिंदू चौकात जायला पाच मिनिटं लागायची आणि ओळखी मोजून अर्धा तास.

फक्त एका माणसाची पंचाईत झाली. दिगंबर मिठारी, वय बासष्ट. मिरजकर तिकटीला त्यांचं सुट्या भागांचं दुकान होतं. पेट्रोलच्या गाड्या गेल्या तसं दुकानही गेलं. एक लालभडक जुनी स्पोर्ट मोटरसायकल मात्र त्यांनी ठेवली होती, आखूड, पुढं झुकलेली, बसलं की नमाज पढतोय की चालवतोय कळू नये अशी. पेट्रोल औषधासारखं आणायचं आणि रविवारी रंकाळ्याला एक चक्कर टाकायची. ती सुरू झाली की गल्लीतल्या बायका खिडक्या लावायच्या आणि पुरुष उघडायचे.

शनिवारी दुपारी त्यांच्या बायकोनं, विजयमालानं, ताक घुसळता घुसळता बातमी दिली. इलाही मुल्लाणी गॅरेज बंद करतोय. लेकीकडं सोलापूरला चाललाय, कायमचा. उद्या सकाळी टेम्पो लागणार.

दिगंबररावांनी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर उलटा होता.

"अहो, जाऊन या की," विजयमाला म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. तुमच्या भांडणाला आता मतदानाचा हक्क मिळाला."

ते भांडण या नळीवरूनच झालं होतं. म्हणजे तिच्या पणज्यावरून. इलाही आणि दिगंबर शाळेपासूनचे. इलाही मिस्त्री, दिगंबर चालवणार. सकाळी गॅरेजचं फळकूट उघडायच्या आधी दोघं पायरीवर बसून एका कपातला चहा बशीत ओतून प्यायचे. रेडिओवर भावगीत, हाताला ग्रीसचा वास आणि समोर कुठली तरी उघडी पडलेली गाडी. शहराबाहेर माळावरच्या सरळ रस्त्यावर तेव्हा शर्यती व्हायच्या. दिगंबरची लाल गाडी ताशी एकशेचाळीसच्या पुढं मान हलवायची. दिगंबर म्हणाला, दट्ट्या लावू. इलाही म्हणाला, स्पोर्ट गाडीला दट्ट्या लागतो हे कुणी सांगितलं तुला. मानेचं बेअरिंग, टायरची हवा, मागचं सस्पेन्शन, हे जागेवर असंल तर गाडी मान हलवत नाही. दट्ट्या म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. वाद वाढला. गॅरेजपुढं माणसं जमून बाजू घ्यायला लागली. तिथला चहावाला दोन महिन्यांत दुमजली झाला.

शेवटी दिगंबरनं मुंबईहून परदेशी दट्ट्या आणवला आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी इलाहीला न सांगता बसवला. पूर्ण आवळून. गाडी वाऱ्यासारखी गेली, मान तसूभर हलली नाही, दिगंबर पहिला आला. मग टाळ्या घेत, सावकाश, मंडपाकडं वळायला गेला. आणि आवळलेल्या दट्ट्यानं सावकाश वळायला नकार दिला. मंडपात प्रमुख पाहुणे होते, बक्षिसाची ढाल होती आणि उसाच्या रसाचं पिंप होतं. दिगंबर तिन्ही घेऊन पलीकडून बाहेर आला.

सगळं गाव हसलं. इलाहीही हसला. दिगंबरनं गावाला माफ केलं.

त्या दिवसापासून त्यांचं हात करणं बंद झालं. आमच्याकडं भांडणाची खूण तीच. मारामाऱ्या होतात, कोर्टकचेऱ्या होतात, पण रस्त्यात दिसल्यावर हात होत असेल तर काही बिघडलेलं नाही. हात बंद झाला की संपलं. एकोणीस वर्षं दिगंबरराव इलाहीच्या गॅरेजवरून दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवून गेले.

"चालत जा," विजयमाला म्हणाली.

चालत कसा जाणार? मिस्त्रीकडं चालत गेलं तर तो समजणार, माफी मागायला आला. गाडीवर गेलं तर गिऱ्हाईक. गिऱ्हाईकानं कधीही जावं, त्यात मान खाली घालायचं काही नाही. शिवाय शामराव बसायच्या आधीपासूनच गाडी नव्वदच्या पुढं परत मान हलवायला लागली होती, म्हणजे निमित्तही खरं होतं. अडचण एवढीच, की इलाहीच्या गल्लीत शिरायला एक काटकोनी वळण होतं आणि त्या वळणाच्या तोंडाशी, गॅरेजच्या पायरीवर, स्वतः इलाही बसलेला असायचा. त्या वळणावर हात केला, तर तो इलाहीलाच केल्यासारखा होणार. आधी हात मीच करायचा? मी?

संध्याकाळी ते 'स्थिरभाव'च्या शोरूममध्ये गेले. तिथं मृण्मयी नावाची कंपनीची इंजिनियर होती, पुण्याहून तातडीनं पाठवलेली. चार दिवस कोल्हापूरकरांचं ऐकून तिचा आवाज बसला होता. दिगंबररावांनी विचारलं, हा शामराव एक दिवस काढून ठेवता येईल का. नाही येणार. सील तोडलं की गाडी सुरूच होत नाही. मग ढिला तरी? सोमवारी दुपारी सगळ्या नळ्यांना नवं शिक्षण जाणार आहे, मग दोन्ही हातांनी वळेल. सोमवारपर्यंत कळ काढा काका.

"सोमवारी त्या गल्लीत काय काम राहणार नाही माझं," दिगंबरराव म्हणाले.

तिनं विचारलं, हात करायला काय हरकत आहे. दिगंबररावांनी सांगायला सुरुवात केली आणि उसाच्या पिंपापर्यंत आल्यावर थांबले. परक्या पोरीला किती सांगायचं. ती बराच वेळ विचार करून म्हणाली, की मुठीतल्या काट्याला भावना कळत नाहीत, नुसता दाब कळतो. तुम्ही उजवा हात ढिला सोडलात की झालं. दिगंबररावांनी मान डोलावली. एवढं सोपं असतं तर ते एकोणीस वर्षांपूर्वीच झालं असतं, हे तिला पुण्यात शिकवलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. वाटेत कुठं अडचण आली नाही. महाद्वाराशी फुलवाल्याला हात केला, गाडी वळली. दसरा चौकात शाळेतला एक जाडा मित्र दिसला, त्याला हात केला, वळली. मग उद्यमनगर आलं. फाउंड्र्यांच्या बंद भिंती, त्यावर जुन्या लेथच्या जाहिराती, आणि पुढं ते वळण.

गॅरेजपुढं टेम्पो उभा होता. इलाही पायरीवर बसून टेम्पोवाल्याला, कुठला खोका कुठं, हे बोटानं सांगत होता. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. दिगंबररावांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिथून जाताना त्यांनी समोर बघितलं होतं.

पहिल्या खेपेला त्यांनी हात वर नेला आणि वाटेत विचार बदलून कान खाजवला. शामराव दगड. गाडी सरळ गेली. बंद पडलेल्या जकात नाक्यापाशी ती ढकलून फिरवायला लागली. दुसऱ्या खेपेला त्यांनी हात केला, पण इलाहीला नव्हे, पलीकडच्या केळीवाल्याला. मनात काही नसल्यामुळं उजवी मूठ आवळलेलीच राहिली आणि गाडी परत सरळ. केळीवाला मात्र बोलावलं समजून डझनभर केळी घेऊन मागं पळत आला. ती घ्यावी लागली. तिसऱ्या खेपेला हँडलला केळी लटकत होती. इलाहीनं या वेळी मान वळवून त्यांना येताना बघितलं, समोरून जाताना बघितलं आणि दूर जाईपर्यंत बघितलं. तोंडावर काही नाही. शामराव काय आहे आणि हा का वळत नाही, हे त्याला कळत नसेल असं शहरात कुणीच म्हणालं नसतं. तोही पायरीवरून उठला नाही. त्याचाही हात मांडीवरच होता.

नाक्यावर दिगंबररावांना धाप लागली. एवढी जड गाडी तीनदा ढकलायचं वय राहिलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, झालं. गेलो होतो म्हणून सांगू विजयमालाला. गाडी घराच्या दिशेनं लावली. म्हणजे परत त्याच वळणावरून.

लांबूनच दिसलं, पायरी मोकळी होती. फळकुटाला कुलूप होतं. टेम्पोचं इंडिकेटर लुकलुकत होतं आणि इलाही एक पाय वर टाकून केबिनमध्ये चढत होता. गुडघा वर येत नव्हता, म्हणून ड्रायव्हर त्याला आतून ओढत होता.

"ए इल्या! थांब, ए!"

सुटलेल्या एस.टी.ला करावा तसा हात वर गेला होता. तो कधी गेला हे दिगंबररावांनाच कळलं नाही. खांदा उतरला, श्वास सुटला, आणि उजव्या मुठीत काही जोरच उरला नाही. शामरावांचं झालं पाणी. ती लाल गाडी, जी ढकलताना दोन पैलवानांना ऐकत नव्हती, अशी अलगद वळली की वळवणाराच तयार नव्हता. गल्लीत शिरताच पुढच्या चाकाखाली खड्डा आला, हँडल फडफडलं, केळी उडाली आणि गाडी टेम्पोच्या मागच्या फळीला टेकून उभी राहिली.

इलाही खाली उतरला. दिगंबररावांकडं त्यानं बघितलंच नाही. तो गाडीपुढं कसाबसा उकिडवा बसला, पुढचं चाक दोन्ही हातांत धरलं आणि पुढं-मागं हलवलं. टक. परत हलवलं. टक.

"मानेचं बेअरिंग गेलंय," तो चाकाला म्हणाला. "कुणी बघितलंय का न्हाई गाडीला?"

"कोण बघणार? मिस्त्रीला येळ कुठं हाय?"

"मिस्त्री इथंच बसलावता. येळच येळ होता."

ड्रायव्हरनं एक केळं उचलून सोललं.

दिगंबररावांनी हेल्मेट काढलं. गेली एकोणीस वर्षं ते मनात जे वाक्य घासूनपुसून ठेवत होते, ते आयत्या वेळी सापडेना. तोंडातून निघाला तो जुनाच प्रश्न. "खरं सांग इल्या. असल्या गाडीला दट्ट्या लागतो का न्हाई?"

इलाहीनं हात पॅन्टला पुसले. "लागतो की," तो म्हणाला. "असली आखूड गाडी, शंभराच्या वरचा वेग, आपले रस्ते. लागणारच. पण बेअरिंग नीट करून, वरनं लावायचा. आणि आवळायचा बेतानं."

"मग हे तवा का न्हाई बोललास?"

"तू इचारलंस कवा? लावूनच आलास की."

दिगंबरराव टेम्पोच्या फळीकडं बघत राहिले. एवढंच होतं होय. नळी नव्हती, ढाल नव्हती, रसाचं पिंप तर नव्हतंच. इलाहीनं स्वतःच्या हातानं सात वर्षं जोपासलेल्या गाडीला, त्याला न विचारता, दुसऱ्याचा पाना लागला होता. आणि हा गडी त्यावर हसला होता, कारण आणखी काय करणार.

"हसलास लई पण," दिगंबरराव म्हणाले.

"आरं, ढाल तुझ्या गळ्यात हुती, आपोआप," इलाही म्हणाला. त्याच्या दाढीत काहीतरी हललं. "पाहुण्यांनी हार घालायच्या आधीच." आणि तो हसायला लागला, पोट धरून, गुडघ्यामुळं खाली बसवत नाही म्हणून टेम्पोला धरून, आणि दिगंबररावांनी या वेळी त्याला हसू दिलं. मग स्वतःही हसले. ड्रायव्हर केळं खायचा थांबून दोघांकडं बघत राहिला.

हसून झाल्यावर इलाहीनं डोळे पुसले आणि टेम्पोवर चढवलेल्या सामानाकडं बोट केलं. मान खोलायचा पाना हत्यारांच्या पेटीत होता. पेटी कपाटाखाली, कपाट गाद्यांखाली आणि गाद्यांवर शिलाई मशीन. नवं बेअरिंगही असणार कुठल्या तरी डब्यात, ह्याच गाडीसाठी तेव्हा आणून ठेवलेलं. कुठल्या डब्यात ते आता बघायला लागणार होतं.

"आज सोलापूरला पोचायचंय चाचा," ड्रायव्हर म्हणाला. "किती वेळ लागंल?"

इलाहीनं बाह्या वर सारल्या. "धा मिनिटं."

ड्रायव्हर उद्यमनगरातलाच होता. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली, चपला काढल्या आणि सीटवर आडवा झाला.